सत्तेविना साम्यवाद : जबलपूरची दोन नियतकालिके

साम्यवादी राजवटीतील वाङ्मयीन नियतकालिकांचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे अभ्यासकाची दृष्टी साहजिकच मॉस्को, वॉर्सा, बुडापेस्ट, प्राग या नगरांकडे वळते. तेथे नियतकालिक हे केवळ वाङ्मयाचे साधन नव्हते. ते राज्यकारभाराचे एक अंग होते, आणि पुष्कळदा त्या राज्यकारभाराला पडलेली पहिली चीरही तेच होते. परंतु साम्यवादी विचार ज्या ज्या ठिकाणी पोहोचला त्या सर्व ठिकाणी काही तो सिंहासनावर बसला नाही. ज्या शहरांत त्याच्या हाती सत्तेचा लवलेशही कधी आला नाही, तेथेही त्याने लेखक घडविले, संपादक घडविले, मासिके काढविली. अशा शहरांचा विचार या इतिहासात सहसा केला जात नाही. तो केला तर एका महत्त्वाच्या प्रश्नावर प्रकाश पडतो. एकच विचार सत्तेवर असताना नियतकालिकाचे काय करतो, आणि सत्तेवाचून असताना काय करतो, हा तो प्रश्न होय.

नर्मदाकाठचे जबलपूर हे असे एक शहर आहे. लष्करी छावणी, तोफगाड्यांचा कारखाना, उच्च न्यायालय आणि रेल्वे यांच्यामुळे वाढलेल्या या शहरात साम्यवाद्यांचे राज्य कधीच नव्हते. तरीही ‘वसुधा’ आणि ‘पहल’ या हिंदीतील दोन विशेष महत्त्वाच्या डाव्या नियतकालिकांची जन्मभूमी हीच होय.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती व प्रांताची राजधानी नागपूर होती. १९२० साली जबलपुरातून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक निघाले तेव्हा माखनलाल चतुर्वेदी यांच्या संपादकत्वामागे माधवराव सप्रे यांची प्रेरणा होती. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे हेच ते सप्रे. पुढे या परंपरेत गजानन माधव मुक्तिबोध आले. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतील नामवंत कवी व समीक्षक, आणि स्वतः मात्र हिंदीत लिहिणारे, असा हा माणूस होता. ‘पहल’चे संपादक ज्ञानरंजन यांचा जन्मही अकोल्याचा. तेव्हा जबलपूरच्या या नियतकालिकांची कथा ही मराठीच्या वाङ्मयीन शेजाराचीच कथा आहे.

या कथेचे मर्म ध्यानात येण्यासाठी आधी दुसरी बाजू पाहिली पाहिजे. सोव्हिएत व्यवस्थेत नियतकालिक चालविण्यास लागणारी प्रत्येक गोष्ट राज्याच्या हाती असे. कागद राज्याचा, छापखाना राज्याचा, वितरण राज्याचे, लेखकाचे मानधन राज्याचे. लेखक संघाचा सभासद असणे म्हणजे उपजीविका असणे, आणि संघातून काढले जाणे म्हणजे लेखक म्हणून संपणे. १९२२ साली स्थापन झालेल्या अभ्यवेक्षण खात्याच्या संमतीवाचून एक ओळही छापली जात नसे. ऑगस्ट १९४६ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ‘झ्वेज्दा’ आणि ‘लेनिनग्राद’ या दोन मासिकांविरुद्ध ठराव केला. त्यांपैकी ‘लेनिनग्राद’ बंद करण्यात आले. आख्मातोव्हा आणि झोश्चेन्को यांची ज्दानोव्ह यांनी जाहीर निर्भर्त्सना केली व दोघांनाही लेखक संघातून काढण्यात आले. एका कवयित्रीच्या आणि एका विनोदी लेखकाच्या लेखनाचा विचार करण्यासाठी एवढ्या मोठ्या राज्याच्या सर्वोच्च समितीने बसावे, ही गोष्ट जितकी भयंकर तितकीच अर्थपूर्ण आहे. ज्याची भीती वाटते त्याचेच असे दमन होते. राज्याने मासिकाला पोसले, त्याच्या तोंडाला कुलूप घातले आणि या दोन्ही कृतींनी त्याचे महत्त्व मान्य केले.

या कुलपाच्या फटीतूनच त्या काळातील उत्तम संपादकांनी वाट काढली. त्वार्दोव्स्की यांना १९५४ साली ‘नोव्ही मीर’च्या संपादकपदावरून दूर करण्यात आले, १९५८ मध्ये ते परत आले आणि नोव्हेंबर १९६२ च्या अंकात त्यांनी सोल्झेनित्सिन यांची श्रमछावणीवरील कथा छापली. ती छापण्यास ख्रुश्चेव्ह यांची अनुज्ञा लागली. म्हणजे जे धैर्य संपादकाचे होते त्यालाही सत्ताधीशाच्या होकाराची जोड लागत होती. हा होकार मागे घेतला जाऊ शकतो, हे पुढे दिसून आलेच. १९७० साली त्वार्दोव्स्कींना राजीनामा द्यावा लागला. पोलंडमधील ‘पो प्रोस्तु’ हे तरुणांचे साप्ताहिक १९५७ मध्ये बंद करण्यात आले. प्रागमधील लेखक संघाचे ‘लितेरार्नी नोव्हिनी’ हे साप्ताहिक १९६७ साली संघाकडून काढून घेण्यात आले. १९६८ च्या वसंतात तेच लेखक ‘लितेरार्नी लिस्ती’ या नावाने पुन्हा उभे राहिले आणि ऑगस्टमध्ये रणगाडे आले.

आता जबलपूरकडे वळावे. ज्या सुमारास मॉस्कोत उपरोक्त ठराव झाला, त्याच सुमारास मुक्तिबोध जबलपुरात हितकारिणी विद्यालयात शिक्षकाची नोकरी करीत होते. १९४३ च्या ‘तार सप्तक’मुळे कवी म्हणून त्यांचे नाव झाले होते, बनारसला ‘हंस’च्या कार्यालयात त्यांनी काम केले होते, आणि मार्क्सवादाचा त्यांनी मनःपूर्वक स्वीकार केला होता. परंतु या स्वीकाराला कोणत्याही राज्याचे पाठबळ नव्हते. पक्ष त्यांना नोकरी देऊ शकत नव्हता, मानधन देऊ शकत नव्हता, घर देऊ शकत नव्हता. त्याच कारणाने तो त्यांच्याकडून काही हिरावूनही घेऊ शकत नव्हता.

सत्ता नसली म्हणून सत्तेची वृत्ती नसते असे मात्र नाही. १९४८ साली कम्युनिस्ट पक्षाने जहाल धोरण स्वीकारले आणि मे १९४९ मध्ये मुंबईनजीक भिवंडी येथे भरलेल्या प्रगतिशील लेखक संघाच्या अधिवेशनात त्या धोरणाचा वाङ्मयीन अवतार प्रकट झाला. कोण प्रगतिशील आणि कोण प्रतिगामी याची काटेकोर विभागणी सुरू झाली. कालपर्यंतचे सोबती एका रात्रीत संशयित ठरले, आणि संघाच्या प्रभावाखालील नियतकालिकांची दारे पुष्कळांना बंद झाली. येथे तुरुंगही नव्हता व श्रमछावणीही नव्हती. तरी १९४६ च्या ठरावाची छाया भिवंडीच्या मंडपापर्यंत पोहोचली होती, हे नाकारता येणार नाही. फरक एवढाच की, येथे ज्याला दार बंद झाले तो दुसऱ्या दाराशी जाऊ शकत होता, किंवा स्वतःचे नवे दार उघडू शकत होता. जबलपुरात १९५६ साली असेच एक नवे दार उघडले गेले.

ते दार म्हणजे ‘वसुधा’ होय. हरिशंकर परसाई हे या मासिकाचे संपादक. नागपूर विद्यापीठातून हिंदीत एम. ए. झालेले, शाळामास्तरकी करणारे आणि लवकरच तीही सोडून निव्वळ लेखणीवर जगण्याचा निश्चय करणारे हे गृहस्थ पुढे हिंदीतील सर्वश्रेष्ठ व्यंगलेखकांत गणले गेले. डाव्या विचारावर त्यांची निष्ठा होती. परंतु व्यंगलेखकाची दृष्टी निष्ठेपेक्षा तीक्ष्ण असते आणि ढोंग कोणत्या बाजूचे आहे हे ती विचारीत बसत नाही. ‘वसुधा’च्या पृष्ठांवर मुक्तिबोधांची ‘एक साहित्यिक की डायरी’ क्रमशः येऊ लागली, आणि एवढ्या एका गोष्टीनेही त्या अल्पायुषी मासिकाचे नाव हिंदी समीक्षेच्या इतिहासात कायमचे राहिले असते.

या डायरीचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. नाव डायरीचे असले तरी तीत दिनचर्या नाही. तीत संवाद आहेत. लेखक एका मित्राशी बोलतो, मित्र त्याला अडवतो, त्याच्या विधानातील दुर्बलता दाखवितो, आणि लेखक पुन्हा पहिल्यापासून विचार करू लागतो. ‘तीसरा क्षण’ या प्रकरणात केशव नावाच्या मित्राशी झालेल्या संभाषणातून कलानिर्मितीच्या तीन क्षणांची मीमांसा येते. पहिला क्षण उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांपुढे एका स्वतंत्र कल्पनारूपात उभा राहण्याचा. तिसरा, त्या रूपाच्या शब्दबद्ध होण्याचा. मार्क्सवादी म्हणविणाऱ्या लेखकाने कलेच्या आंतरिक प्रक्रियेविषयी इतक्या सूक्ष्मतेने बोलावे, हे त्या काळच्या पक्षीय समीक्षेच्या चौकटीत बसणारे नव्हते. मुक्तिबोधांनी मार्क्सवाद सोडला नाही, त्याच्या नावाने निर्णय देण्याची घाई मात्र सोडली. स्वतःच्याच बाजूची उलटतपासणी करण्याची ही पद्धत ‘वसुधा’त निर्वेधपणे चालली, कारण ती थांबविण्याचा अधिकार असलेले कोणतेही कार्यालय जबलपुरात नव्हते.

याच १९५६ साली बुडापेस्टमध्ये लेखक संघाचे ‘इरोदल्मी उय्शाग’ हे साप्ताहिक देशाचा आवाज बनले होते. नोव्हेंबरच्या आरंभी त्याचा तेथील शेवटचा अंक निघाला, सोव्हिएत सैन्य शहरात शिरले आणि पुढे ते साप्ताहिक लंडन व पॅरिस येथून निर्वासितांचे पत्र म्हणून दीर्घकाळ चालले. ‘वसुधा’वर असा कोणताही प्रसंग ओढवला नाही. ती काही वर्षांतच बंद पडली ती पैशाअभावी. एका मासिकाला राज्याने मारले, दुसरे दारिद्र्याने मेले. या दोन मरणांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. परंतु दुसऱ्या मरणाला स्वातंत्र्य म्हणून गौरविणेही योग्य नव्हे. वाचक, वर्गणी आणि कागद यांवाचून मिळालेले स्वातंत्र्य हे रिकाम्या ताटासारखे असते.

शिवाय, सत्तेपासून दूर असलेल्या लेखकाला सत्ता गाठत नाही, असेही नाही. १९६२ हे वर्ष या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. ज्या वर्षाच्या अखेरीस मॉस्कोत सोल्झेनित्सिन यांची कथा प्रकाशित झाली, त्याच वर्षी मध्य प्रदेश सरकारने मुक्तिबोधांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या शालेय उपयोगासाठी लिहिलेल्या पुस्तकावर बंदी घातली. पुस्तकाविरुद्ध चळवळ झाली, प्रती जाळण्यात आल्या आणि लोकनियुक्त सरकार त्या कोलाहलापुढे नमले. साम्यवादी राज्यात एक निषिद्ध विषय क्षणभर मोकळा झाला आणि लोकशाही राज्यात एका साम्यवाद्याचे पुस्तक निषिद्ध ठरले. मुक्तिबोधांच्या मनावर या घटनेचा खोल आघात झाला. दोन वर्षांनी, ११ सप्टेंबर १९६४ रोजी, दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यांना हाती घेऊन पाहता आला नाही. लोकशाही आहे म्हणून पुस्तक सुरक्षित आहे, या समजुतीत राहणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

‘पहल’चा आरंभ १९७३ चा. ज्ञानरंजन हे सातव्या दशकातील हिंदी कथेचे एक प्रमुख नाव. मोजक्याच कथा लिहून त्यांनी कथालेखन जवळजवळ थांबविले आणि जबलपूरच्या एका महाविद्यालयात हिंदीचे अध्यापन करीत असताना आपली सारी शक्ती या नियतकालिकाकडे वळविली. ज्या वर्षी ‘पहल’ निघाले, त्याच वर्षी त्याच शहरात परसाईंना त्यांच्या लेखनापायी मारहाण झाली. तेव्हा येथे लेखकाला भय नव्हते असे म्हणता येणार नाही. प्रागमध्ये याच काळात १९६८ च्या पिढीतील लेखकांची नावे छापण्यास मनाई होती आणि त्यांचे लेखन टंकलिखित प्रतींच्या रूपाने हातोहात फिरत होते. ‘पहल’चा संसारही हातोहात फिरण्याचाच होता, मात्र तो उजेडात चालत असे. मोठे भांडवल नाही, नावाजलेली प्रकाशनसंस्था नाही. शहरोशहरीचे मित्र, अध्यापक, कार्यकर्ते प्रती मागवीत, वाटीत आणि वर्गणी गोळा करीत. या जाळ्यातूनच एका मध्यम शहरातून निघणारे अनियतकालिक अखिल भारतीय झाले.

‘पहल’ने आपली प्रगतिशील बांधिलकी कधी लपविली नाही. मार्क्सवादी सौंदर्यशास्त्रावर त्याने विशेषांक काढला. पाकिस्तानातील उर्दू लेखन, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका येथील साहित्य अनुवादरूपाने हिंदीत आणले. या अनुवादांचे महत्त्व वेगळ्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. त्या काळी मॉस्कोच्या प्रकाशनगृहांतून छापलेली स्वस्त पुस्तके भारतीय भाषांत विपुल येत असत, आणि अनेकांच्या घरी गॉर्की, टॉलस्टॉय, चेखोव्ह त्या मार्गानेच पोहोचले. परंतु त्या पुस्तकांत काय यावे हे मॉस्को ठरवीत असे. ‘पहल’मध्ये काय यावे हे जबलपूर ठरवीत असे. एकच विचार मानणाऱ्या दोन वाचनमार्गांतील हा भेद लहान नाही.

येथेच या परंपरेवरील सर्वांत गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ज्यांच्या हाती हे स्वातंत्र्य होते, त्यांनी ते आपल्याच बाजूच्या अन्यायाविषयी बोलण्यासाठी किती वापरले? १९६८ साली प्रागवर रणगाडे गेले तेव्हा भारतातील कम्युनिस्ट पक्षांनी निषेध केला नाही. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिला पाठिंबा दिला आणि प्रगतिशील लेखकांची अधिकृत संघटनाही त्याच बाजूला राहिली. पक्षाने पुढे, १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात, ती चूक मान्य केली. परंतु लेखकाची चूक पक्षाच्या ठरावाने दुरुस्त होत नसते. देशात अभ्यवेक्षण लागू असताना, वृत्तपत्रांचे रकाने कोरे निघत असताना, ज्या लेखकांनी अभ्यवेक्षणाला ऐतिहासिक गरज म्हटले त्यांनी सत्तेविना साम्यवादाला मिळालेला एकमेव मोठा लाभच गमावला. सत्ता नसल्याने जी मोकळीक मिळते, तिचा उपयोग सत्तेची बाजू मांडण्यासाठी झाला, तर सत्ता असणे आणि नसणे यांत वाङ्मयाच्या दृष्टीने फरक तो काय उरला?

या आक्षेपाला एक उत्तर दिले जाते. पक्ष आणि संघटना यांच्या हिशेबात नियतकालिकाला धरू नये, असे ते उत्तर आहे. ते अर्धे खरे आहे. ‘वसुधा’ आणि ‘पहल’ ही पक्षाची मुखपत्रे नव्हती. त्यांचे संपादक पक्षाच्या आज्ञेने नेमले गेले नव्हते आणि काढलेही जाऊ शकत नव्हते. पुढे ‘वसुधा’चे नाव मध्य प्रदेशातील प्रगतिशील लेखक संघाने पुन्हा घेतले आणि कमला प्रसाद यांच्या संपादकत्वाखाली ती भोपाळहून निघू लागली, तेव्हा व्यक्तीचे मासिक आणि संघटनेचे मासिक यांतील अंतर स्पष्ट झाले. तथापि विचाराच्या नावाने काम करणाऱ्या नियतकालिकाला त्या विचाराच्या नावाने झालेल्या कृत्यांच्या जबाबदारीतून सर्वस्वी सुटता येत नाही. मुक्तिबोधांच्या डायरीने जो मानदंड घालून दिला तो हाच. प्रतिपक्षाची चूक दाखविणे हे अर्धेच काम आहे. मित्राने आपली चूक दाखविली की थांबून ऐकणे हे उरलेले अर्धे.

१९८९ ते १९९१ या काळात ती राजवटच कोसळली आणि या तुलनेला नवे वळण लागले. ‘नोव्ही मीर’ने १९५६ साली नाकारलेली पास्तरनाक यांची ‘डॉक्टर झिव्हागो’ १९८८ मध्ये छापली, १९८९ मध्ये सोल्झेनित्सिन यांचा श्रमछावण्यांवरील महाग्रंथ छापण्यास आरंभ केला, आणि १९९० च्या सुमारास त्याचा खप सव्वीस लाखांच्या वर गेला. वाङ्मयीन मासिकाचा एवढा खप जगाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. त्यानंतर अभ्यवेक्षण संपले, राज्याचा कागद संपला, किमती वाढल्या आणि दहा-पंधरा वर्षांत हा आकडा दहा हजारांच्या खाली आला. वाचकांना मासिकातून जे सत्य हवे होते ते आता सर्वत्र मिळू लागले होते. निषेधाने दिलेले महत्त्व निषेधाबरोबरच गेले.

जबलपुरात असे काही घडले नाही. मॉस्कोची स्वस्त पुस्तके येणे थांबले, अनेकांच्या श्रद्धेला तडा गेला, परंतु ‘पहल’ बंद पडले नाही. ते राज्याच्या आधारावर उभे नव्हते, म्हणून राज्याबरोबर पडलेही नाही. त्याला लाखांचा वाचकवर्ग कधी मिळाला नाही, म्हणून तो गमवावाही लागला नाही. बाजाराचे नवे युग, धार्मिक विद्वेषाचे राजकारण, उत्तर-आधुनिक विचारांची लाट यांविषयीची चर्चा त्याने चालू ठेवली. नव्वद अंकांनंतर ते थांबले, २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि २०२१ साली १२५ व्या अंकाबरोबर त्याने निरोप घेतला. कोणत्याही सरकारी हुकुमाने ते बंद पडले नाही. एका संपादकाच्या आयुष्याशी जोडलेले नियतकालिक त्या संपादकाच्या शक्तीबरोबरच थांबले. हे या पद्धतीचे वैभव, आणि हीच तिची मर्यादाही. जे पक्षाच्या हाती दिले नाही ते पुढच्या पिढीच्या हातीही देता आले नाही.

या दोन इतिहासांतून काय निष्पन्न होते? नियतकालिकाचे स्वातंत्र्य हे त्याच्या विचारसरणीवर अवलंबून नसते. साम्यवादाने ‘लेनिनग्राद’ बंद केले आणि साम्यवादानेच ‘वसुधा’त मुक्तिबोधांची डायरी लिहविली. स्वातंत्र्य अवलंबून असते ते दोन गोष्टींवर. आपल्याच बाजूला झोंबणारा मजकूर छापण्याची संपादकाला मोकळीक आहे काय, ही पहिली. आणि ती मोकळीक असताना तो ती वापरतो काय, ही दुसरी. मॉस्को आणि प्राग येथील संपादकांना पहिली गोष्ट नाकारली गेली होती, तरी त्यांच्यातील श्रेष्ठांनी दुसरी प्राणपणाने सिद्ध केली. भारतातील डाव्या नियतकालिकांना पहिली गोष्ट आयती मिळाली होती. दुसरीची परीक्षा त्यांना प्रत्येक अंकात द्यावी लागली आणि ती प्रत्येक अंकात उतरलीच असे नाही.

शरच्चंद्र मुक्तिबोधांनी मराठीत मार्क्सवादाच्या आधारे समीक्षा मांडताना वाङ्मयमूल्याचा शोध ‘मानुषता’ या कल्पनेपर्यंत नेला. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या त्यांच्या ग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. थोरले बंधू हिंदीत आणि धाकटे मराठीत एकाच प्रश्नाशी झगडत होते असे दिसते. विचार माणसासाठी आहे की माणूस विचारासाठी, हा तो प्रश्न. जेथे माणूस विचारासाठी आहे असे ठरले, तेथे नियतकालिकाला कागद मिळाला आणि वाचा गेली. जबलपुरात वाचा होती, कागदाची वानवा होती. यापुढे जे कोणी नवे नियतकालिक काढतील, त्यांना ही दोन्ही टोके ठाऊक असलेली बरी.